पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन आणि लोणारचे वय

बालभारतीच्या आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ हा धडा आहे. मधोमध केंद्रक, भोवती वर्तुळे, वर्तुळांवर ठिपके. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२ इलेक्ट्रॉन मावतात, हे सूत्रासकट पाठ होते. पुढे पोटॅशियम भेटते : २, ८, ८, १. तिसऱ्या कवचात दहा जागा रिकाम्या असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात का जाऊन बसला? शाळा चिखली-मेहकरची असो की पुण्या-मुंबईची, हा प्रश्न विचारणारे एखादे पोर वर्गात असतेच. ‘शेवटच्या कवचात आठाहून जास्त मावत नाहीत’ एवढे सांगून बाई पुढे सरकतात. त्यांचाही इलाज नसतो, कारण वर्तुळांच्या चित्रात याचे उत्तरच नाही.

उत्तर अकरावीच्या रसायनशास्त्रात, ऑर्बिटलच्या प्रकरणात आहे. पण तिथे पोचेपर्यंत वर्तुळे डोक्यात इतकी पक्की झालेली असतात की ऑर्बिटल म्हणजे जरा धूसर झालेली, कडा पुसट झालेली कक्षा, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बारावी पार करतात. पुष्कळजण पदवीही घेतात. ही समजूत चुकीची आहे. कक्षा म्हणजे वाट : इलेक्ट्रॉन आत्ता कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल, ते ती सांगते. ऑर्बिटल वाटेबद्दल काहीच सांगत नाही. ते इलेक्ट्रॉनच्या एका स्थितीचे गणिती वर्णन आहे. त्यातून ऊर्जा किती, कोनीय संवेग किती आणि शोधायला गेलो तर कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच कळते. या फरकाने प्रत्यक्षात काय अडते, असे कोणी विचारले तर त्याला बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला न्यावे. तिथला खार, तिथला खडक आणि पाच-सहा वर्षांपूर्वी गुलाबी झालेले तिथले पाणी, तिन्हींपाशी याचे उत्तर आहे.

आधी कक्षेला तिचे श्रेय देऊ. नागाओका यांनी टोकियोत १९०४ मध्ये शनीच्या कड्यांसारखा अणू कल्पिला होता. गायगर आणि मार्सडेन यांनी मँचेस्टरला सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून पाहिले, काही कण उलटे फिरले, आणि १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष काढला की अणूचे जवळपास सगळे वस्तुमान मधल्या एका इवल्या केंद्रकात आहे. मग इलेक्ट्रॉन बाहेर कुठेतरी फिरत असणार. पण फिरणारा विद्युतभार प्रकाश बाहेर टाकतो, ऊर्जा गमावतो. त्या काळच्या नियमांनी हिशेब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही साठाव्या भागात केंद्रकात कोसळायला हवा.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये यावर जो तोडगा काढला तो धाडसी होता, थोडा दांडगाईचाही. ठरावीक कक्षांत इलेक्ट्रॉन प्रकाश टाकत नाही, असे त्यांनी गृहीतच धरले. कोनीय संवेग एका ठरावीक मापाच्या पूर्ण पटीतच असतो, ही अट लावली. त्यातून पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉम आली, ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली, आणि बासेलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाल्मर यांनी १८८५ मध्ये नुसत्या आकड्यांशी खेळून शोधलेले हायड्रोजनच्या प्रकाशरेषांचे सूत्र सरळ हाती आले. इलेक्ट्रॉनचा भार, त्याचे वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक घालून ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा कागदावर काढता येणे ही लहान गोष्ट नव्हती. सोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये वर्तुळांना लंबवर्तुळांची जोड दिली, सापेक्षता घातली, आणि रेषांमधले बारीक फाटेही जुळले.

हेलियमपाशी मात्र सगळे अडले. दोनच इलेक्ट्रॉनांचा अणू, पण क्रेमर्स आणि व्हॅन व्लेक यांनी १९२२-२३ च्या सुमारास केलेली गणिते त्यातला एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा वीस-एकवीस इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात आणून ठेवत होती. प्रयोगातला आकडा २४.६. शिवाय खुद्द हायड्रोजनमध्येही एक खोट होती, आणि ती ऊर्जेच्या जुळलेल्या आकड्याखाली झाकली गेली होती. बोरचा हायड्रोजन सपाट चकतीसारखा असायला हवा आणि त्याच्या इलेक्ट्रॉनला कक्षेत फिरण्यामुळे कोनीय संवेग असायला हवा. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या पातळीवरचा हायड्रोजन गोल आहे आणि तो संवेग शून्य आहे. म्हणजे ऊर्जा बरोबर, पण चित्र साफ चूक. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर धरायची नसते, हे गणिताच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

वाट ही कल्पनाच का सोडावी लागली, हे हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून एका छोट्या हिशेबात दिसते. इलेक्ट्रॉनची वाट काढायची तर निदान त्याची जागा पहिल्या कक्षेच्या त्रिज्येच्या दहाव्या हिश्श्याइतक्या अचूकपणे कळायला हवी. तेवढ्या अचूकतेची किंमत म्हणून त्याच्या संवेगात येणारी किमान अनिश्चितता बोरच्या कक्षेतल्या संवेगाच्या पाचपट निघते. वेगाच्या पाचपट चूक ज्याच्या मोजमापात आहे त्याचा पुढचा टप्पा कोण आखणार? उपकरणे सुधारली तर वाट सापडेल, असे इथे नाही. सापडण्यासारखी वाट तिथे नाहीच.

श्रोडिंगर यांचे समीकरण त्याच्या वर्षभर आधीचे, १९२६ चे. त्यांनी इलेक्ट्रॉनला तरंगाची भाषा लावली आणि हायड्रोजनच्या ऊर्जेचे तेच आकडे कोणतीही कक्षा न गृहीत धरता मिळवले. ठरावीकच ऊर्जा का, याचे उत्तर आता आपोआप येत होते, जसे ते तबल्याच्या पुडीकडून येते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर एक टिपण लिहिले होते, पुढे १९३४ च्या लेखात त्यांनी पुडीवर बारीक वाळू भुरभुरून कोणत्या बोलाला पुडीचा कोणता भाग थरथरतो आणि कोणत्या रेषा स्तब्ध राहतात ते दाखवले. काही बोलांना मधून आडवी रेषा स्तब्ध, काहींना वर्तुळ. ऑर्बिटल्समधल्या निस्पंद पृष्ठभागांचे गणित याच जातकुळीचे आहे : कडांची अट पाळणारे मोजकेच नमुने टिकतात आणि प्रत्येक नमुन्याला त्याचा सूर असतो. फरक एवढाच की पुडीचे कातडे खरोखर हलते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत काय हलते याला तसे उत्तर नाही. मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्येच सांगितले की त्या तरंगफलाच्या वर्गातून इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता मिळते. रॉबर्ट मलिकन यांनी १९३२ मध्ये अशा एका इलेक्ट्रॉनच्या तरंगफलाला ऑर्बिटल म्हणायला सुरुवात केली.

पुस्तकातल्या डंबेलच्या आकृत्यांनी इथे बराच घोटाळा केला आहे. ते डंबेल म्हणजे इलेक्ट्रॉनला कोंडणारी भिंत नव्हे. संभाव्यतेचा बहुतेक भाग, सहसा ९० टक्के, आत यावा म्हणून ओढलेली ती सीमा आहे. ९५ टक्के घेतले तर आकृती फुगेल. हायड्रोजनच्या १एस, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या, ऑर्बिटलसाठी ही ९० टक्क्यांची सीमा सुमारे १.४ अँगस्ट्रॉमवर येते, म्हणजे बोरच्या त्रिज्येच्या अडीचपटीहून जास्त. ज्या अंतरापलीकडे जायला जुन्या नियमांनी ऊर्जाच पुरत नाही, तिथेही हा इलेक्ट्रॉन सुमारे २४ टक्के वेळा सापडतो. आणि इलेक्ट्रॉन ढगासारखा पसरलेला असतो हे म्हणणेही अर्धेच खरे. सापडतो तेव्हा तो पूर्णच सापडतो, अर्धा-पाव कधी सापडत नाही.

एक बारकावा मात्र नीट धरायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. १एस इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती अंतरावर असण्याची शक्यता सर्वाधिक, असे विचारले तर उत्तर नेमके बोरचे, ०.५२९ अँगस्ट्रॉम. पण जागेच्या दर घनमापामागे शक्यता कुठे सर्वाधिक, असे विचारले तर उत्तर येते : केंद्रकावर. दूरच्या कवचाला जागा जास्त म्हणून तिथली बेरीज मोठी होते, एवढेच. सर्व एस ऑर्बिटल्स, म्हणजे कोनीय संवेग शून्य असलेली, केंद्रकाला भिडतात. पी, डी, एफ भिडत नाहीत. बोरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रक शिवताच येत नाही. सोमरफेल्ड यांनी तर केंद्रकातून आरपार जाणाऱ्या, संवेग शून्य असलेल्या कक्षा आदळण्याच्या भीतीने मुद्दाम वगळल्या होत्या. त्या कक्षेच्या जागी जे आले त्याचे पहिले वैशिष्ट्य नेमके हेच, की ते केंद्रकाला भिडते.

आता लोणारचा खार. पापडी, दल्ला, भुसकी अशा नावांनी ओळखले जाणारे क्षार या तळ्यातून पूर्वी काढले जात. सोडियमचे कार्बोनेट आणि क्लोराइड, म्हणजे घरातल्या पापडखाराचे आणि मिठाचेच सगेसोयरे. त्यातली चिमूटभर पूड ज्योतीत टाकली की ज्योत पिवळीधमक होते. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या या जोडरेषा फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषांच्या रूपात नोंदवल्या होत्या. पण सोडियम २, ८, १ आहे. शेवटचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कक्षेत. पिवळा प्रकाश बाहेर टाकतो तेव्हाही तो तिसऱ्याच कवचात असतो : ३पी मधून ३एस मध्ये उतरतो. तिसरी कक्षा एकच असती तर हा पिवळा प्रकाश निघालाच नसता.

आकडे पाहण्यासारखे आहेत. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी केंद्रकाचा भार झाकून बाहेर एकच धनभार उरवला असे धरले, तर बोरच्या हिशेबाने तिसऱ्या कक्षेतला इलेक्ट्रॉन १.५१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असायला हवा. सोडियमच्या ३डी मधला इलेक्ट्रॉन १.५२ ने बांधलेला असतो. वाहवा! पण ३पी मधला ३.०३ ने, आणि ३एस मधला ५.१४ ने. ३डी आतल्या गर्दीत शिरतच नाही, म्हणून तिथे बोर जवळपास तंतोतंत जुळतो. ३एस ची लहानशी पाळी थेट केंद्रकापर्यंत गेलेली असते, तिथे झाकण नसते, ओढ जबर असते. ३पी मधल्यामध्ये. ५.१४ मधून ३.०३ वजा केले की उरलेले २.१ म्हणजेच तो पिवळा रंग. मौज अशी की याच आत शिरण्याचा हिशेब खुद्द श्रोडिंगर यांनी १९२१ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षांच्या भाषेत करून पाहिला होता. दिशा बरोबर होती. पण पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच कक्षा बाजूला ठेवली.

आठवीतल्या त्या पोराचा प्रश्न इथे सुटतो. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डी मध्ये ठेवला तर १.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधला जातो, ४एस मध्ये ठेवला तर ४.३४ ने. चौथी कक्षा नुसतीच बाहेरची असती तर तिथे ०.८५ च मिळाले असते, आणि मग तो इलेक्ट्रॉन निमूट तिसऱ्या कवचातल्या दहा रिकाम्या जागांपैकी एकीवर बसला असता. पोटॅशियम हा मऊ, पाण्यात पडताच पेटणारा धातू झालाच नसता. स्कँडियमपासून पुढे ४एस आणि ३डी चा हिशेब आणखी गुंततो. पुस्तकातली तिरक्या बाणांची युक्ती तिथे नियमासारखी वापरू नये, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पोटॅशियमपाशी मात्र अजून थांबायला हवे. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०१२ टक्के पोटॅशियम-४० असते, किरणोत्सारी, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. त्यातली सुमारे ८९ टक्के केंद्रके इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम होतात. उरलेली जवळपास ११ टक्के उलटे करतात : आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन, बहुधा सर्वांत आतल्या कवचातला, गिळतात आणि आरगॉन-४० होतात. बोरच्या चित्रात हे घडूच शकत नाही. पोटॅशियमची पहिली कक्षा केंद्रकाच्या त्रिज्येच्या जवळपास सातशे पट दूर आहे आणि तिच्यावरचा इलेक्ट्रॉन कधीही आत येत नाही. ऑर्बिटलच्या हिशेबाने १एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आत असण्याची शक्यता अब्जात चारेक आहे. नगण्य वाटते, पण शून्य नाही, आणि कोट्यवधी वर्षांच्या घड्याळाला तेवढे पुरते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सेकंदाला सुमारे ४४०० पोटॅशियम केंद्रके फुटतात. त्यांतली साडेचारशेच्या आसपास इलेक्ट्रॉन गिळून. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या अंगात दोनेक हजार वेळा इलेक्ट्रॉन आपल्या केंद्रकात गडप झाले.

अशी गिळंकृती होत असावी असे विक यांनी १९३४ मध्ये आणि युकावा-साकाटा यांनी १९३५ मध्ये मांडले. लुई अल्व्हारेझ यांनी १९३७ मध्ये ती व्हॅनेडियममध्ये प्रयोगाने दाखवली. त्याच वर्षी व्हाइझसॅकर यांनी विचारले की हवेत जवळजवळ एक टक्का आरगॉन आहे आणि तो बहुतेक सगळा आरगॉन-४० च का? त्यांचे उत्तर : तो खडकांतल्या पोटॅशियमपासून आला. ऑल्ड्रिच आणि निअर यांनी १९४८ मध्ये जुन्या पोटॅशियम-खनिजांत आरगॉन-४० सापडल्याचे दाखवून ते पक्के केले. आपण श्वास घेतो त्या हवेचा शंभरावा हिस्सा १एस ऑर्बिटल केंद्रकाला शिवते म्हणून तयार झाला आहे.

खडक वितळला की त्यात साठलेला आरगॉन निसटतो, थिजला की घड्याळ शून्यापासून पुन्हा सुरू होते. दख्खनच्या बेसाल्टचे वय सुमारे ६६० लक्ष वर्षे ठरले ते मुख्यतः या घड्याळावर. याच बेसाल्टवर लोणारला उल्का आदळली : सुमारे १.८ किलोमीटर व्यास, दीडशे मीटर खोली. फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आघाताने काचेसारखे झालेले फेल्डस्पार दाखवले आणि हे ज्वालामुखीचे मुख असल्याच्या जुन्या मताला उतरती कळा लागली. पण कधी आदळली? इथे दोन इलेक्ट्रॉनी घड्याळे एकमेकांशी भांडतात. १९९७ मधल्या मोजणीत तापदीप्तीच्या पद्धतीने उत्तर आले सुमारे ५२ हजार वर्षे, ६ हजार इकडेतिकडे. २०११ मध्ये जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आरगॉन-आरगॉन पद्धतीने काढले ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडेतिकडे. दहापटीचा फरक!

आरगॉन-आरगॉनमध्ये नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉन मारून पोटॅशियम-३९ चे आरगॉन-३९ करतात, म्हणजे पोटॅशियम आणि आरगॉन एकाच यंत्रात, एकाच नमुन्यात मोजता येतात. अडचण अशी की आघातात खडक क्षणात वितळून क्षणात थिजला. जुन्या बेसाल्टचा आरगॉन पूर्ण निसटला नसेल तर वय फुगते. जुर्दां यांच्या गणिताचा मोठा भाग हा वारशाने आलेला आरगॉन वेगळा काढण्यातच गेला आहे. तापदीप्तीचे घड्याळ वेगळ्या जातीचे. किरणोत्सर्गाने उडालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या उणिवांमध्ये अडकून बसतात, तापवले की सुटतात आणि प्रकाश देतात. प्रकाश जितका जास्त तितका काळ जास्त. पण अडकलेले इलेक्ट्रॉन नुसत्या काळाने, उन्हाच्या तापानेही हळूहळू गळतात आणि सापळे भरूनही जातात, म्हणून हे घड्याळ फार जुन्या गोष्टींत कमी वय दाखवू शकते. माझा कल आरगॉनकडे आहे, पण पर्यटकांना सांगितले जाते ते बहुतेक वेळा ५० हजारच.

अल्व्हारेझ यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलेक्ट्रॉन गिळंकृती पहिल्यांदा पकडणारे हे गृहस्थ १९८० मध्ये आपल्या भूगर्भशास्त्रज्ञ मुलासह आणि दोन रसायनशास्त्रज्ञांसह पुन्हा गाजले : डायनासोर लघुग्रहाच्या आघाताने संपले, असे त्यांनी इरिडियमच्या थरावरून मांडले. त्यांच्या मताला सर्वांत तगडे आव्हान मिळाले ते दख्खनच्या लाव्ह्याकडून. त्या वादात आजही ज्या तारखा काढल्या जातात त्यांतल्या पुष्कळशा आरगॉनच्या घड्याळाने.

लोणारचे पाणी हा तिसरा पुरावा. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, छायाचित्रे देशभर फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांवर बोट ठेवले. अशा जीवांचा लाल-गुलाबी रंग बॅक्टेरिओरुबेरिन जातीच्या रंगद्रव्यांचा असतो. त्या रेणूत कार्बनची लांब साखळी आणि तिच्यात एकाआड एक तेरा दुहेरी बंध. या बंधांतले इलेक्ट्रॉन कोणत्याच एका केंद्रकाचे नसतात. त्यांची ऑर्बिटल्स साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असतात. साखळी जितकी लांब तितकी वरच्या-खालच्या पातळ्यांतली फट लहान : एकाच दुहेरी बंधाचे इथिलीन १७० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनीलात शोषण करते; दोन बंधांचे ब्यूटाडाइन २१७ वर; अकरा बंधांचे गाजरातले बीटा कॅरोटिन ४५० च्या आसपास, म्हणून ते नारिंगी; आणि तेरा बंधांचे हे द्रव्य ५०० च्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश गिळते, म्हणून आपल्याला तांबूस-गुलाबी दिसते. इथे बोरची कक्षा काढायची तरी कोणत्या केंद्रकाभोवती? रसायनशास्त्राचा बहुतेक भाग रेणूंचाच आहे, आणि तिथे कक्षा चुकीची ठरत नाही, ती मुळात लागूच पडत नाही.

एवढे झाल्यावर ऑर्बिटललाही थोडे खडसावायला हवे. एकाहून जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूत प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःचे वेगळे ऑर्बिटल असते, हे हार्ट्री यांनी १९२८ मध्ये आणि फॉक यांनी १९३० मध्ये उभे केलेले सोयीचे अंदाजे गणित आहे. खरे तरंगफल सगळ्या इलेक्ट्रॉनांचे मिळून एकच असते आणि त्याचे तुकडे करण्याची रीत एकमेव नाही. ‘नेचर’ने १९९९ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडमधली ऑर्बिटल्स ‘दिसली’ म्हणून मुखपृष्ठावर वाजतगाजत छापले, तेव्हा एरिक स्केरी यांनी आक्षेप घेतला की जे दिसले ती इलेक्ट्रॉन घनता, ऑर्बिटल नव्हे. २००४ मध्ये इताताणी आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या झोतांनी नायट्रोजनच्या रेणूचे ऑर्बिटल ‘टिपले’, तेव्हाही हाच वाद. २०१३ मधल्या स्टोडोल्ना आणि सहकाऱ्यांच्या हायड्रोजनच्या प्रयोगात निस्पंद वर्तुळे प्रत्यक्ष मोजता आली; तिथे इलेक्ट्रॉन एकच असल्याने तक्रारीला फारसा वाव नव्हता.

घनता ही मोजता येणारी गोष्ट आहे, म्हणून अनेकांनी तिलाच केंद्रस्थानी ठेवले. कोन यांच्या १९६४-६५ च्या कामातून वाढलेला घनता-सिद्धांत आज औषधांपासून बॅटरीपर्यंत सगळीकडे चालतो; त्यासाठी कोन यांना पोपल यांच्यासह १९९८ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूंमधली इलेक्ट्रॉन घनता आणि तिच्यामुळे भोवती निर्माण होणारे विद्युत विभव यांचे नकाशे काढण्यात आयुष्य घातले. १९९३ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. बंध कुठे होईल, आयन कुठून शिरेल, हे अशा नकाशांवरून वाचता येते. गंमत म्हणजे घनता काढायलाही संगणक आधी ऑर्बिटल्सच काढतो. शिव्या दिल्या तरी त्यांच्यावाचून चालत नाही.

आणि कक्षा? तिला साफ हद्दपार करणारेही चुकतात. खोडदची जीएमआरटी दुर्बीण ज्या रेडिओपट्ट्यांत आकाश पाहते त्यांत, १४२४.७ मेगाहर्ट्झला, हायड्रोजनची एक रेषा येते : इलेक्ट्रॉन १६७ व्या पातळीवरून १६६ व्या पातळीवर उतरतो. असा अणू सुमारे तीन मायक्रॉन व्यासाचा, लहानशा जिवाणूएवढा. तिथे बोरचे सूत्र बिनतोड चालते, आणि प्रयोगशाळेत अशा फुगलेल्या अणूंमध्ये लेसरने इलेक्ट्रॉनचा एक गुच्छ तयार केला तर तो काही काळ खरोखर केंद्रकाभोवती फिरताना दिसतो. ज्या हेलियमने कक्षांचा पराभव केला, तोही १९९१ मध्ये विंटगेन यांच्या गटाने कक्षांच्याच सुधारित गणिताने बऱ्यापैकी सोडवला. तेव्हा अडचण कक्षेत नव्हती. एकाच ठरलेल्या वर्तुळावर सगळा भार टाकण्यात होती.

म्हणून आठवीतून बोर काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. ते चित्र राहू द्यावे, पण वर्तुळांना ‘इलेक्ट्रॉनची वाट’ म्हणण्याऐवजी ऊर्जेच्या पायऱ्या म्हणावे, आणि पोटॅशियमच्या प्रश्नाला ‘नियम आहे’ऐवजी ‘अकरावीत सुटेल’ असे उत्तर द्यावे. प्रयोगही फार खर्चाचा नाही. लोणारचा परिसर अभयारण्य आहे, तिथला खार उचलायचा नाही. घरचे मीठ पुरे. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत ओल्या तारेवर मीठ धरायचे आणि पुठ्ठ्याच्या डब्यात जुन्या सीडीचा तुकडा बसवून फटीतून पाहायचे. एक पिवळी रेषा दिसते. तिचे दोन भाग, सहा दशांश नॅनोमीटर अंतरावरचे, सीडी सहसा वेगळे करत नाही. ३पी ची पातळी इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे किंचित दुभंगलेली असते, आणि ते डोळ्यांनी पाहायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतला वर्णपटमापक आणि ग्रेटिंग लागते.